मुली, घोडे आणि कुंडलिकेचे खोरे

कोलाडच्या परिसरात घोडा हा कधीच घरचा प्राणी नव्हता. पावसाळ्याचे चार महिने खाचरांत गुडघाभर चिखल, पुढे भाताची कापणी, मग उन्हाळ्यात उतारांवर वाळलेले गवत. इथे नांगराला आणि गाडीला बैल, फार तर रेडा. घोड्याला मानवणारी कोरडी हवा आणि मोकळे माळ सगळे घाटावर. तरी हा प्राणी या खोऱ्याला अनोळखी नव्हता. कोलाड-रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी चौल आहे. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांतून ज्या बंदरांत उतरत, त्यांतले हे एक जुने बंदर. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, तो विकण्यासाठी एक घोडा घेऊनच. त्या एका घोड्यासाठी त्याने मोठी रक्कम मोजली होती. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल असे बजावले, तेव्हा एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून तो सुटला. त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने लिहून ठेवले आहे की ठाण्याच्या राजाने समुद्री लुटारूंशी संधान बांधले होते: लुटीतला बाकीचा माल तुमचा, घोडे तेवढे माझे. कोकणपट्टीत घोडा म्हणजे काय, हे या दोन नोंदींतून नीट कळते. तो दुरून येई, फार महाग पडे, इथे थोडा वेळ थांबे आणि घाट चढून जाई. त्याच्यावर बसलेला माणूस म्हणजे कोणीतरी सत्ताधारी.

इतक्या मुलींना घोड्यांची ओढ का वाटते, हा प्रश्न बहुधा युरोप-अमेरिकेतल्या घोडाशाळांकडे पाहून विचारला जातो. तिथे तबेल्यांत मुलींची गर्दी असते, आणि उत्तर मुलींच्या मनात शोधले जाते: त्यांना जीव लावायला आवडते, त्या हळव्या असतात, वगैरे. कुंडलिकेच्या खोऱ्यातून पाहिले तर उत्तर वेगळ्या जागी सापडते असे मला वाटते. ते आहे घोड्यावर बसण्याच्या क्रियेत. या क्रियेला अंगातल्या ताकदीपेक्षा कसब फार लागते. तोल, मांडीची पकड, हाताचा हलकेपणा आणि जनावराचा कल ओळखण्याची नजर ज्याला साधली त्याचा घोडा. चारशे किलोंच्या जनावरापुढे पैलवानाचे बळ आणि बारा वर्षांच्या मुलीचे बळ यांत घोड्याच्या लेखी फारसा फरक नाही. जिथे जिथे मुलीला घोडा मिळू शकला, तिथे तिने हे हेरले. ज्या समाजात तिला वेग, उंची आणि दिशा ठरवण्याचा हक्क इतर कोणत्याही वाटेने मिळत नव्हता, तिथे या एका वाटेचे आकर्षण जबर असणारच. म्हणून इतिहासाला विचारायचा प्रश्न असा, की मुलींच्या आणि घोड्याच्या मध्ये कोण उभे होते, आणि तो अडसर बाजूला झाल्यावर काय घडले.

पहिली साक्ष पेण तालुक्यातलीच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेला निघाले, ते बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे दक्षिणा चांगली मिळेल, हे ऐकून. घरावर कर्ज होते, ते फेडायचे होते. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि हे भिक्षुक झाशीला राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला पोचले. त्यांनी लिहिलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीचा दिनक्रम आला आहे, आणि त्यात घोडा आहे. पहाटे उठून मल्लखांब, जोर, जोडी. मग घोडा मंडळावर धरायचा, फिरवायचा, खंदकावरून आणि भिंतीवरून उडवायचा. एक प्रसंग त्यांनी विशेष रस घेऊन सांगितला आहे. दोन उमदे घोडे विकायला आले. दिसायला दोन्ही सारखेच देखणे. राणीने दोन्हींवर बसून फेरी मारली आणि एकाला भारी किंमत सांगितली, दुसऱ्याला अगदी क्षुल्लक. कारण त्याच्या छातीत दोष होता. विक्रेत्याने ते कबूल केले. इथे बाईचे धाडस दिसतेच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिचे ज्ञान. कातडी तुकतुकीत, आयाळ विंचरलेली, चंदी खाऊन अंगाने भरलेला घोडा बाहेरून कोणालाही फसवतो. त्याच्या छातीतली खोट बसल्यावर चालीतून कळते, आणि तीही वर्षानुवर्षे पाठीवर काढली असतील तरच. बाजारातल्या चाबूकस्वारांनी मान तुकवावी असे हे कसब होते.

या साक्षीबद्दल शंका घेता येईल. गोडसे भटजींनी हे लिहिले १८८३च्या सुमारास, म्हणजे घटनांनंतर पंचवीस वर्षांनी. ते छापले चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली, आणि तेही भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी पुढे प्रसिद्ध केला. पाव शतकात आठवणींवर दंतकथेची पुटे चढतात हे खरे. पण दंतकथा ज्या गोष्टी वाढवते त्या वेगळ्या असतात: तलवार, रक्त, शेवटचे शब्द. सकाळचा व्यायाम, घोड्याची पारख, काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, पठाणी वेषातली, तहानलेली राणी विहिरीपाशी भेटली तेव्हा तिने भटजींना पाणी काढू न देता स्वतः पोहरा ओढला, असले तपशील आश्रित म्हणून वावरलेल्या माणसाच्या डोळ्यांचे आहेत. शिवाय गोडसे ज्या गावातून गेले तिथल्या घरंदाज बायका घोड्याच्या आसपासही जात नसत. घोडेस्वार बाई हे चित्र त्यांनी घरून नेलेले नव्हते.

दुसरी साक्ष बायजाबाईंच्याच छावणीतली, बावीस वर्षे आधीची. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतराव शिंद्यांची राणी, ग्वाल्हेर सुटल्यावर १८३५ साली फतेगडला तळ देऊन राहिली होती. फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला भेटायला गेली. बोलणे घोड्यांवर आले, कारण दोघींनाही त्यांत रस होता. बायजाबाई तरुणपणी स्वतः बसत, आणि त्यांची नात गजराजा त्या छावणीतली नावाजलेली स्वार होती. पार्क्सने आपला घोडा मागवून, त्या काळच्या युरोपीय बायकांप्रमाणे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसून दाखवले. मराठा बायकांना ती बैठक वाकडी आणि विचित्र वाटली. मग पार्क्सने मराठी पद्धतीचा पोशाख केला, मराठी खोगिरावर दोन्हीकडे पाय टाकून बसली, आणि नंतर तिने लिहिले की आपल्या बायकांची बैठक बदलणाऱ्या एलिझाबेथ राणीचा मूर्खपणा मला त्या वेळी उमगला. या प्रसंगात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात जगावर राज्य करणाऱ्या देशाच्या बाईला घोड्यावर बसायला मुभा होती, पण शोभेची. घट्ट कापडाचा घोळदार झगा, एकीकडे झुकलेले अंग आणि उजव्या बाजूला पायाचा इशारा देण्याची सोयच नाही, म्हणून तिथे छडी. नऊवारीचा कासोटा मारलेल्या बाईला यातले काही आड येत नव्हते. दोन्ही मांड्यांची पकड, दोन्ही टाचांचा इशारा, दोन्ही हातांत लगाम. साध्या लुगड्याच्या नेसण्याने एक दरवाजा उघडा ठेवला होता, आणि त्या दरवाजातून बायका बाहेर पडल्या होत्या.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. लक्ष्मीबाई, बायजाबाई, गजराजा, या सगळ्या राजघराण्यांतल्या. त्यांच्या पागांमध्ये घोडे बांधलेले असत, खरारा करायला मोतद्दार होते. चार-दोन राण्यांवरून मुलींच्या ओढीचा निष्कर्ष कसा काढायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून माझ्या म्हणण्याला बळच मिळते. जिथे घोडा होता तिथे मुली त्यावर बसल्या. जिथे नव्हता तिथे मुलगेही बसले नाहीत. कुणब्याच्या मुलाच्या नशिबीही घोडा नव्हता, तो शिलेदाराच्या आणि सरदाराच्या घरी होता. शिवाय राण्यांच्या भोवतीच्या बायकांकडे नीट पाहिले तर वर्तुळ रुंदावते. ग्वाल्हेरजवळ जून १८५८मध्ये लक्ष्मीबाई पडली तेव्हा मुंदर नावाची तिची सोबतीण तिच्याबरोबर घोड्यावर होती आणि तीही मारली गेली, असे त्या वेळच्या नोंदी सांगतात. मुंदर राजकन्या नव्हती. लष्करी छावणीत वाढलेल्या, महिनोन्महिने मुलुखगिरीवर राहणाऱ्या माणसांच्या कुटुंबांत बायकांनी घोड्यावर बसणे ही गरज होती, आणि गरजेतून आलेली ही सवय खानदानापुरती थांबली नाही.

पण खरे उत्तर राजवाड्यांत शोधायला नको. भातकापणी आटोपली की घाटावरचे मेंढपाळ धनगर कोकणात उतरतात, रोहा-कोलाडच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसा घेतात. पावसाच्या आधी ते परत घाट चढतात. त्यांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, घोडी असतात, बुटकी, काटक, भीमेकाठच्या भीमथडी रक्ताची. मराठ्यांच्या फौजा ज्या तट्टांवर हिंदुस्थानभर फिरल्या त्यांचे वंशज आज मुख्यतः या मेंढपाळांकडेच उरले आहेत. आणि ही घोडी बायका सांभाळतात. पुरुष सकाळी कळप घेऊन पुढे जातात. मागे राहिलेल्या बायका पाल उतरवतात, वाकळांची घडी करतात आणि घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड चढवतात. दोन्ही अंगांना भार सारखा पडला पाहिजे, नाहीतर उतारावर ओझे कलते आणि पाठ सोलते. तंग आवळताना घोडी मुद्दाम पोट फुगवते. ते ओळखून क्षणभर थांबायचे आणि तिने श्वास सोडला की पट्टा पुन्हा ओढायचा. भांडी, पिठाची पिशवी, नुकती जन्मलेली कोकरे, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर कधी एखादे लहान मूल. मग कासरा हातात धरून बाई चालू लागते. हा रोजचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे, आणि महाराष्ट्रात घोड्याविषयीचे सर्वांत जिवंत ज्ञान आज या बायकांकडे असेल.

त्यांना घोड्याची ओढ असते का? शहरातल्या मुलीला वाटते तशी नसावी. त्यांच्यासाठी घोडी हे काम आहे, आणि कामाचे कोणी स्वप्न पाहत नाही. माझ्या मताला या बायकांनी एक आवश्यक मर्यादा घातली आहे. घोडा जवळ असणे पुरेसे नाही. ओझ्याच्या घोडीपुढे चालणारी बाई आणि रिकिबीत पाय रोवून बसलेली बाई यांना तो प्राणी एकच गोष्ट देत नाही. ओढ निर्माण होते ती घोड्यावर बसून स्वतः वाट ठरवता येते तेव्हा. धनगराची बाई जनावर ओळखते, पण वाडा कुठे जायचा हे ती बहुधा ठरवत नाही. म्हणून मुलींच्या मनातल्या घोड्यावर कधीच ओझे नसते.

आपल्या चालीरीतींनीही ही वाटणी कायम ठेवली. लग्नात घोड्यावर नवरा बसतो. नवरी वरातीत त्याच्या मागे किंवा गाडीत. एक दिवसापुरते का होईना, कुणब्याचा मुलगा सरदार होतो, आणि त्या सरदारीची खूण घोडा आहे. पण देवादिकांत एक उलटे चित्र याच महाराष्ट्राने जपले आहे. खंडोबाच्या देव्हाऱ्यातल्या टाकांवर आणि चित्रांत म्हाळसा त्याच घोड्यावर बसलेली असते, कित्येकदा तिच्याही हातात शस्त्र असते. ज्या समाजाने आपल्या कुलदैवताची बायको घोड्यावर बसवली, त्याला बाई आणि घोडा ही जोडी अशक्य वाटत नव्हती. ती देवापुरती, राणीपुरती ठेवावी असे त्याने ठरवले होते.

आता युरोपकडे वळायला हरकत नाही, कारण तिथे अडसर हटल्यावर काय झाले ते तारखांनिशी दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑलिंपिकमधली घोडेस्वारी लष्करी अधिकाऱ्यांची होती. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाचे सुवर्णपदक पुढे काढून घेण्यात आले, कारण त्यांचा एक स्वार सनदी अधिकारी नव्हता, स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. हा नियम लगेच बदलला आणि १९५२मध्ये हेलसिंकीला ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात बायकांना प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने पुरुषांबरोबर स्पर्धा करून रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे तिच्या गुडघ्यांखालच्या पायांत बळ नव्हते. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला आधार लागत असे. घोडेस्वारीला बळ लागते असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर इतिहासाने दिलेले नाही. त्याच सुमारास फौजांनी घोडे सोडून रणगाडे घेतले, तबेले रिकामे झाले आणि त्या रिकाम्या जागेत मुली आल्या. आज या खेळात पुरुष आणि बायका एकाच फेरीत, एकाच गुणपत्रिकेवर लढतात. ऑलिंपिकमध्ये अशी सोय इतर खेळांत क्वचितच दिसते.

मुलगे का निघून गेले, हा उपप्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. घोडा जोवर लढाईचा, शिकारीचा आणि सत्तेचा होता, तोवर मुलग्यांना त्याची ओढ होती आणि कोणी तिचे कारण विचारत नव्हते. मोटार आणि रणगाडा आल्यावर ती प्रतिष्ठा यंत्राकडे गेली, मुलगेही तिकडे वळले. मुली राहिल्या, आणि मग ओढीला कारण हवे झाले. कोणी म्हणाले मातृत्वाची भावना, कारण त्या घोड्याला खरारा करतात, आयाळ विंचरतात, तबेला झाडतात. पण शतकानुशतके मोतद्दार आणि सईस हेच करत आले. थाणावर झोपणे, रात्री उठून पोटशूळ झालेल्या घोड्याला चालवणे, तोंडात हात घालून औषध देणे, ही कामे मिशीवाल्या पुरुषांनी केली आणि त्यांना कोणी मायाळू आई म्हटले नाही. हे घोड्याच्या विद्येचे अर्धे अंग आहे. जो निगा राखत नाही त्याला मांडही येत नाही. फ्रॉइडच्या वळणाने दिलेली स्पष्टीकरणे मी बाजूलाच ठेवतो, कारण मुलग्यांच्या घोडेवेडाला ती क्वचितच लावली जातात.

मग आता स्कूटी आली, कोलाडच्या मुली कॉलेजला तिच्यावरून जातात, वेग आणि दिशा हातात आली. घोड्याचे आकर्षण संपायला नको का, असे कोणी विचारील. स्कूटीने मुलींच्या आयुष्यात जे केले ते थोर आहे आणि त्याचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा. पण गाडीला स्वतःचे मत नसते. घोडा बिचकतो, हट्ट करतो, नव्या माणसाला जोखतो, आणि ज्याचा हात शांत आहे त्याचेच ऐकतो. दुसऱ्या जिवाला धाक न दाखवता आपल्या म्हणण्याला राजी करणे, आणि त्या राजीपणाची पावती तिथल्या तिथे मिळणे, हा अनुभव वाढत्या वयातल्या मुलीला दुसरीकडे दुर्मीळ आहे. तिचे म्हणणे घरात ऐकले जाते की नाही हे पुष्कळदा तिचे वय आणि लिंग ठरवते. घोडा यांतले काही पाहत नाही.

कोलाडहून ताम्हिणी घाट चढून मुळशीकडे गेले की पिरंगुटजवळ कासार आंबोलीला राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीने ती १९९७मध्ये सुरू केली आणि तिथे मुलींना घोडेस्वारी शिकवतात. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकले, घोडेस्वारीतले ४१ वर्षांनंतरचे पहिले. त्या चौघांत दोन मुली होत्या, त्यांतली सुदीप्ती हजेला होळकरांच्या इंदूरची. म्हणजे नियमाचा आणि पोशाखाचा अडसर आता उरलेला नाही. उरला आहे पैशाचा. स्पर्धेचा घोडा परदेशातून येतो आणि त्याची किंमत व देखभाल मोजक्या घरांनाच परवडते; चौलच्या बंदरात उतरलेला घोडाही असाच मोजक्यांचा होता. ताम्हिणी, वरंध, भोर या घाटांनी जी धनगरांची पोर दर वर्षी घोडीच्या कासऱ्याला धरून उतरते, तिला तंग कधी ढिला आहे ते कळते, घोडी कोणत्या पायाने लंगडते ते लांबून दिसते, उतारावर ओझे कसे तोलायचे ते दहाव्या वर्षी येते. शहरातली मुलगी हे शिकायला महिन्याला फी भरते. भीमथडी तट्टाच्या संवर्धनाच्या योजना निघतात तेव्हा त्यांत या पोरींसाठी खोगीर आणि शिकवणारा माणूस यांची तरतूद असावी, एवढी मागणी इतिहासाच्या आधारावर नक्की करता येते.